सायलेन्सर बदललेली गाडी आणि पीयूसी : कॅटलिटिक कन्व्हर्टर राखून चाचणी कशी पार करावी

इंदूरच्या गॅरेजमध्ये सायलेन्सरचे काम काढले की एक सल्ला हमखास मिळतो : "अंदर की जाली निकलवा दो, पिकअप खुल जाएगा." ही जाळी म्हणजे कॅटलिटिक कन्व्हर्टरचा गाभा. इंजिनातून निघालेले विषारी वायू रस्त्यावर येण्याआधी मोडून टाकण्याचे काम पेट्रोल गाडीत मुख्यतः हाच भाग करतो. जाळी काढल्यावर पिकअपमध्ये पडलेला फरक बहुतेक वेळा कानांनाच जाणवतो. पीयूसीचे, म्हणजे प्रदूषण तपासणीच्या प्रमाणपत्राचे, यंत्र मात्र जाळी काढल्याचा परिणाम पहिल्या मिनिटातच दाखवते. मग गाडीमालकापुढे दोन वाटा उरतात. एक म्हणजे ओळखीच्या केंद्रावरून कागद मिळवणे आणि दुसरी म्हणजे गाडी खरोखर दुरुस्त करणे. हा लेख दुसऱ्या वाटेसाठी आहे. ती वाट वाटते तितकी खर्चिक नाही, मात्र कामांचा क्रम नीट सांभाळावा लागतो.

हा क्रम सुरुवातीलाच सांगतो, कारण सर्वाधिक पैसा तो उलटा केल्यामुळे वाया जातो. आधी गळती शोधावी, मग इंजिनाचे मिश्रण आणि इग्निशन तपासावे आणि कन्व्हर्टरला हात सर्वांत शेवटी लावावा. आजारी इंजिनावर नवा कन्व्हर्टर बसवला, तर ज्या दोषाने जुना मेला त्याच दोषाने नवाही मरतो.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाने ठरवून दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182 अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. हवेच्या किंवा आवाजाच्या प्रदूषणाची मर्यादा मोडून गाडी चालवल्यास कलम 190 चे दुसरे पोटकलम लागू होते. त्यात पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आणि तीन महिन्यांसाठी लायसन्स अपात्र ठरणे, इतके सारे आहे. त्यामुळे कन्व्हर्टर काढलेल्या गाडीच्या खिशात पीयूसीचा कागद असला, तरी ती कायदेशीर होत नाही. पुढचे सगळे विवेचन कन्व्हर्टर जागेवर आहे किंवा परत बसवायचा आहे, असे धरून केले आहे.

पीयूसीचे नियम केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधील नियम 115 मध्ये आहेत. पहिल्या नोंदणीपासून एक वर्ष उलटले की प्रमाणपत्र लागते. बीएस-4 आणि बीएस-6 (बीएस म्हणजे भारत स्टेज, सरकारची प्रदूषण मानके) गाड्यांना ते एक वर्षासाठी मिळते, त्याहून जुन्या गाड्यांना सहा महिन्यांसाठी. आता मोजणीची नोंद थेट सरकारच्या 'वाहन' या ऑनलाइन नोंदणी प्रणालीत जाते आणि नंबर प्लेटचा फोटोही जोडला जातो.

चाचणी नेमके काय मोजते

पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडात एक नळी घातली जाते. तिच्यातून खेचलेल्या वायूतील कार्बन मोनॉक्साइड टक्क्यांत आणि न जळलेले हायड्रोकार्बन पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग असे, मोजले जातात. यांना पुढे सीओ आणि एचसी म्हणू. बीएस-4 आणि त्यानंतरच्या पेट्रोल चारचाकीला आयडलवर, म्हणजे एक्सलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, सीओची मर्यादा 0.3 टक्के आणि एचसीची 200 पीपीएम आहे. त्याशिवाय मिनिटाला सुमारे 2500 फेऱ्यांवर दुसरे मोजमाप होते, त्यात सीओ 0.2 टक्क्यांच्या आत आणि लॅम्डा 0.97 ते 1.03 च्या दरम्यान असावा लागतो. बीएस-2 आणि बीएस-3 चारचाकींना 0.5 टक्के आणि 750 पीपीएम इतकी सूट आहे, तर त्याहून जुन्या गाड्यांना 3 टक्के आणि 1500 पीपीएम. 31 मार्च 2000 नंतर बनलेल्या जुन्या चार-स्ट्रोक दुचाकींची मर्यादा 3.5 टक्के आणि 4500 पीपीएम इतकी सैल आहे, बीएस-6 दुचाकींची मात्र बरीच कडक आहे. आपल्या गाडीची मर्यादा कोणती, हे जुन्या प्रमाणपत्रावर मोजलेल्या आकड्याच्या शेजारीच छापलेले असते. काम सुरू करण्यापूर्वी तो कागद शोधून ठेवावा.

लॅम्डा म्हणजे इंजिनाला मिळालेल्या हवेचे आणि पेट्रोल पूर्ण जळायला लागणाऱ्या हवेचे गुणोत्तर. निव्वळ पेट्रोलच्या एका किलोला सुमारे 14.7 किलो हवा लागते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला थोडी कमी लागते, पण हिशेब जुळला की लॅम्डा दोन्हीकडे 1 च येतो. आकडा 1 पेक्षा कमी असेल तर पेट्रोल जास्त पडते आहे, म्हणजे गाडी रिच चालते आहे. आकडा 1 पेक्षा जास्त असेल तर हवा जास्त आहे, म्हणजे गाडी लीन आहे. कन्व्हर्टर सीओ, एचसी आणि नायट्रोजनचे ऑक्साइड या तिन्ही प्रदूषकांवर चांगले काम करतो तो या 1 च्या आसपासच्या अरुंद पट्ट्यातच. आत मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा अतिशय पातळ लेप असतो. पहिले दोन धातू सीओ आणि एचसीला ऑक्सिजनशी जोडून निरुपद्रवी करतात, तर ऱ्होडियम नायट्रोजनचे ऑक्साइड मोडतो. हे काम साधारण 250 ते 300 अंश सेल्सियसच्या पुढे गेल्यावर वेग घेते. थंड कन्व्हर्टर जवळपास निकामीच असतो. चाचणीच्या दिवशी या एका गोष्टीने किती फरक पडतो, ते पुढे येईल.

पीयूसी नायट्रोजनचे ऑक्साइड मोजत नाही, हेही येथेच सांगायला हवे. गाडीचे मॉडेल बाजारात येण्यापूर्वी नियम 126 खाली जी चाचणी होते, तिच्यात प्रत्येक किलोमीटरमागे किती ग्रॅम प्रदूषक निघते ते पाहतात. बीएस-6 पेट्रोल कारला त्यात नायट्रोजनच्या ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला 0.06 ग्रॅम इतकी कडक आहे. अशा चाचण्या करणारी नॅट्रॅक्स ही संस्था आपल्या शेजारी पीथमपूरलाच आहे. त्यामुळे जाळी काढून, मिश्रण लीन करून एखादी जुनी गाडी आयडलवर मर्यादेत बसवता आली, तरी ती शहराच्या हवेत जे सोडते ते पीयूसीच्या पडद्यावर दिसतच नाही. इंदूरच्या स्वच्छतेचा आपल्याला अभिमान आहे, आणि रस्त्यावरच्या कचऱ्याइतकाच हा न दिसणारा कचराही आपलाच आहे, असे मला मनापासून वाटते.

पहिली पायरी : बदललेल्या सायलेन्सरची ओळख

बाजारात सायलेन्सर बदलण्याचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि त्यांतला फरक समजल्याशिवाय पुढे जाऊ नये. स्लिप-ऑन प्रकारात फक्त शेवटचा मफलर बदलतो. कन्व्हर्टर आणि धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर त्याच्या आधी असतील, तर ते जागेवरच राहतात. फुल सिस्टिम प्रकारात इंजिनाच्या तोंडापासून बेंड पाइपसकट सगळी नळी बदलते आणि बहुतेक वेळा कन्व्हर्टरही तिच्याबरोबर जातो. अनेक मोटारसायकलींमध्ये कन्व्हर्टर बेंड पाइपमध्ये किंवा इंजिनाखालच्या डब्यात असतो, तर काहींमध्ये तो सायलेन्सरच्या पोटातच असतो. या दुसऱ्या प्रकारच्या गाडीवर साधा स्लिप-ऑन चढवला तरी कन्व्हर्टर गेलाच. म्हणून आपल्या मॉडेलमध्ये तो नेमका कुठे आहे, हे सुट्या भागांच्या कॅटलॉगमधून किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये विचारून आधी नक्की करावे.

मूळ सायलेन्सर घरात पडून असेल तर सर्वांत स्वस्त आणि निर्धोक उपाय म्हणजे तो परत बसवणे आणि बसलेलाच ठेवणे. चाचणीपुरता बसवून दुसऱ्या दिवशी काढणे, हे या लेखात सुचवलेले काम नव्हे. आवाज किंवा रूप यांसाठी बदल हवाच असेल, तर गाडीच्या उत्पादकाने स्वतः त्या मॉडेलसाठी विकलेला मान्यताप्राप्त सायलेन्सर घ्यावा आणि त्याचे बिल जपून ठेवावे. मूळ भाग विकून टाकला असेल, तर भंगारातला कन्व्हर्टर घेण्याचा मोह टाळावा. या भागांतील मौल्यवान धातूंमुळे त्यांची चोरी होते, ईको व्हॅनच्या कन्व्हर्टरच्या चोऱ्यांच्या बातम्या आपण वाचतोच. बिलाशिवाय मिळणारा कन्व्हर्टर चोरीचा असू शकतो, किंवा बाहेरून जुना डबा आणि आतून पोकळ असाही असू शकतो.

दुसरी पायरी : गळती

बदललेल्या सायलेन्सरच्या गाड्या नापास होण्यामागे गळती हे कारण किती वेळा असते, हे पाहून आश्चर्य वाटते, कारण ते शोधायला फारसा खर्च लागत नाही. नळीतला दाब सतत वर-खाली होत असतो. त्यामुळे जोडाला फट असली की तिच्यातून धूर बाहेर पडतो आणि दाब उतरण्याच्या क्षणी बाहेरची हवा आतही ओढली जाते. ही फट ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल तर सेन्सरला वाटते की मिश्रण लीन आहे. मग ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोल वाढवते आणि सीओ वर चढतो. इंजिन, सेन्सर, कन्व्हर्टर सगळे निर्दोष असताना गाडी नापास होते ती अशी. फट कन्व्हर्टरच्या नंतर असेल तर मोजल्या जाणाऱ्या वायूत हवा मिसळते आणि मोजमापच विश्वासार्ह राहत नाही.

गळती थंड गाडीवर शोधावी, कारण तापल्यावर धातू फुगून लहान फटी बंद होतात. सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू करावी आणि जाड हातमोजा घालून, ओल्या फडक्याने सायलेन्सरचे तोंड क्षणभर दाबून धरावे. फट असेल तिथून फस्स असा आवाज येतो. इंजिनाच्या तोंडाशी असलेली पॅकिंग, बेंड पाइप आणि सायलेन्सरचा जोड, सेन्सर बसतो ते बूच आणि प्रत्येक वेल्डिंग क्रमाने पाहावी. जोडाभोवती काळ्या काजळीची बारीक पिसाऱ्यासारखी रेघ उमटलेली दिसली, तर तीच जागा. मोटारसायकलमध्ये थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमधून फटफट असे स्फोट येत असतील, तर बहुधा जोड सैल आहे. कित्येकांना हा आवाज आवडतो, पण तो न जळलेले पेट्रोल नळीत पेटल्याचा असतो आणि ती उष्णता कन्व्हर्टरलाच सोसावी लागते.

पॅकिंग नेहमी नवी वापरावी. फट बुजवायला साधा सिलिकॉन सीलंट लावू नये, कारण सिलिकॉनची वाफ ऑक्सिजन सेन्सर आणि कन्व्हर्टर दोघांनाही निकामी करते. वेल्डिंग करून घेताना आधी बॅटरीची तार सोडवावी आणि सेन्सर काढून बाजूला ठेवावेत.

तिसरी पायरी : इंजिनाचे मिश्रण आणि इग्निशन

कन्व्हर्टर म्हणजे शेवटचा गाळण्याचा टप्पा. त्याच्याकडे येणारा वायूच घाण असेल तर तो पुरा पडत नाही. येथे पीयूसी केंद्रावरील यंत्राचा पडदा नीट वाचायला शिकणे हे पैसे वाचवणारे कौशल्य आहे. प्रमाणपत्रावर छापल्या जाणाऱ्या आकड्यांशिवाय पडद्यावर कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजनही दिसत असतील, तर ऑपरेटरला विनंती करून तेही टिपून घ्यावेत. गरम आणि निरोगी पेट्रोल इंजिनात कन्व्हर्टरच्या मागे कार्बन डायऑक्साइड 14 ते 15 टक्क्यांच्या आसपास आणि ऑक्सिजन अर्ध्या टक्क्याहून कमी असतो.

सीओ जास्त, ऑक्सिजन जवळपास शून्य आणि लॅम्डा 0.97 च्या खाली असेल तर गाडी रिच आहे. गळणारा इंजेक्टर, वाढलेला फ्युएल प्रेशर, बिघडलेला ऑक्सिजन सेन्सर आणि इंजिन थंडच आहे असे ईसीयूला सांगत राहणारा तापमानाचा सेन्सर, ही याची नेहमीची कारणे. थर्मोस्टॅट उघडा अडकल्यामुळे इंजिन पुरते तापत नसेल तरी हेच होते, आणि इंदूरच्या थंडीत ते जास्त जाणवते. एचसी खूप जास्त, सीओ कमी आणि ऑक्सिजन वाढलेला असेल, तर एखादा सिलेंडर मिसफायर करतो आहे. अशा वेळी प्लग, कॉइल, इनटेककडची हवेची गळती आणि कॉम्प्रेशन पाहावे. सीओ आणि एचसी दोन्ही थोडे वर, पण लॅम्डा बरोबर 1 जवळ असेल, तर संशय कन्व्हर्टरवर जातो. कार्बन डायऑक्साइड कमी, ऑक्सिजन जास्त आणि बाकी सगळे कमी असे दिसले, तर वायूत हवा मिसळते आहे. हा आकडा पास दाखवत असला तरी खरा नाही, म्हणून पुन्हा गळती शोधावी.

मिसफायरकडे दुर्लक्ष करून गाडी चालवणे कन्व्हर्टरसाठी सर्वांत घातक असते. न जळलेले पेट्रोल थेट जाळीवर जाऊन पेटते, तापमान हजार अंशांच्या पलीकडे जाते आणि जाळी वितळून एकजीव होते. इंजिन चेक लाइट लुकलुकत असेल, म्हणजे स्थिर न राहता उघडझाप करत असेल, तर गाडीच ही सूचना देत असते. अशा वेळी वेग उतरवून गॅरेज गाठावे.

इंजेक्शनच्या गाडीला ओबीडी स्कॅनर, म्हणजे ईसीयूने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारे यंत्र, लावावा. पी0300 पासूनचे कोड मिसफायर दाखवतात, पी0171 म्हणजे लीन, पी0172 म्हणजे रिच आणि पी0420 म्हणजे कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी. पी0420 दिसला की लगेच नवा कन्व्हर्टर मागवणारे मेकॅनिक पुष्कळ आहेत, पण हाच कोड मागच्या, म्हणजे कन्व्हर्टरनंतरच्या, सेन्सरजवळच्या गळतीमुळेही येतो. कोड नुसते पुसून चाचणीला जाणे निरर्थक आहे, कारण पीयूसी धूर मोजते, लाइट नव्हे. सायलेन्सरबरोबर ईसीयूचे रीमॅपिंग, म्हणजे त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल, करून घेतले असेल, तर मूळ सॉफ्टवेअर परत टाकून घ्यावे. काही मॅपमध्ये मागच्या सेन्सरची देखरेखच बंद केलेली असते. सेन्सरच्या तळाशी स्पेसर लावून त्याला फसवण्याचाही एक प्रकार चालतो, त्याने लाइट विझते पण धुरातला एक कणही कमी होत नाही.

एअर फिल्टर, प्लग आणि मुदत उलटलेले इंजिन ऑइल बदलून टाकावे. पेट्रोल मिसळलेल्या जुन्या ऑइलची वाफ क्रँककेसच्या वाटेने पुन्हा इनटेकमध्ये येते आणि आकडे बिघडवते. इंजिन ऑइल खात असेल तर त्यातील फॉस्फरस हळूहळू जाळीवर थर चढवतो. अशा इंजिनाचे रिंग आणि व्हॉल्व्ह सील दुरुस्त केल्याशिवाय नवा कन्व्हर्टर बसवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. सीएनजी किट नंतर बसवलेले असेल, तर त्याचे मिश्रणही वेगळे तपासून घ्यावे.

कार्ब्युरेटरच्या जुन्या मोटारसायकलीत फ्री-फ्लो सायलेन्सर लावताना जेट, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रांचे भाग, बदललेले असतात. मूळ सायलेन्सर परत लावल्यावर मूळ आकाराचे जेटही परत लावावेत. मग इंजिन पूर्ण गरम करून मिश्रणाचा स्क्रू आयडल सर्वांत उंच जाईल अशा जागी आणावा, तेथून किंचित लीन बाजूला न्यावा आणि आयडलच्या स्क्रूने फेऱ्या कंपनीच्या आकड्यावर आणाव्यात. अनेक मोटारसायकलींमध्ये सिलेंडरच्या तोंडाशी ताजी हवा सोडणारी एक रबरी नळी आणि रीड व्हॉल्व्ह असतो. सायलेन्सर बदलताना फटफट आवाज थांबवण्यासाठी ही नळी बूच मारून बंद केली जाते आणि पुढे सगळे ते विसरतात. सीओ काही केल्या उतरत नसेल, तर तिथे एकदा जरूर पाहावे.

चौथी पायरी : कन्व्हर्टर जिवंत आहे का

गाडी थंड असताना कन्व्हर्टरच्या डब्यावर रबरी हातोड्याने किंवा मुठीने हलके ठोकावे. आत खडखड वाजले तर जाळी फुटली आहे. ठोकल्यावर अगदी पोकळ, मोकळा नाद आला आणि गाडी सेकंड हँड घेतलेली असेल, तर जाळी पूर्वीच कोणी काढलेली असण्याची शक्यता आहे. पुढचा सेन्सर काढून त्या भोकातून लवचीक कॅमेरा घातल्यास शंका उरत नाही.

जाळी तुंबली आहे का, हे पाहण्यासाठी त्याच भोकात प्रेशर गेज लावतात. आयडलवर दाब साधारण दीड पीएसआयच्या आत आणि 2500 फेऱ्यांवर तीन पीएसआयच्या आत असावा. त्याहून बराच जास्त असेल, तर वितळलेल्या किंवा काजळीने भरलेल्या जाळीमुळे वायू अडतो आहे. पिकअप गेल्याची तक्रार खरी असते ती अशा गाडीत, आणि तिचा उपाय नवा कन्व्हर्टर हा आहे, जाळी फोडणे हा नव्हे.

कार्यक्षमता पाहायला स्कॅनरवर पुढच्या आणि मागच्या सेन्सरचा आलेख एकत्र उघडावा. साध्या प्रकारच्या सेन्सरमध्ये पुढचा आलेख 0.1 आणि 0.9 व्होल्टच्या दरम्यान सतत उड्या मारतो, तर मागचा 0.6 ते 0.7 च्या आसपास जवळपास स्थिर राहतो, कारण जाळीतील सिरियम ऑक्साइड ऑक्सिजन साठवून चढउतार पचवतो. मागचा आलेखही पुढच्यासारखाच उड्या मारू लागला, तर जाळीची ताकद संपली आहे. ही चाचणी इंजिन गरम असताना आणि फेऱ्या स्थिर ठेवून करावी.

पाचवी पायरी : नवा कन्व्हर्टर

शक्यतो त्या मॉडेलचा मूळ भागच घ्यावा. तो परवडत नसेल आणि वेल्डिंगने बसवायचा दुसरा घ्यायचा असेल, तर विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराव्यात : तो किती सीसीच्या इंजिनासाठी आहे, कोणत्या बीएस मानकासाठी आहे आणि त्यावर लेखी वॉरंटी आहे का. बीएस-3 च्या गाडीसाठी बनवलेला स्वस्त कन्व्हर्टर बीएस-6 गाडीवर फार टिकत नाही. डब्यावर वायूच्या दिशेचा बाण असतो, तो पाहूनच बसवावा. जागाही मूळचीच ठेवावी. सोयीसाठी तो इंजिनापासून दूर, मागच्या बाजूला सरकवला तर तापायला उशीर होतो आणि चाचणीत आयडलवर तो थंड पडतो.

सेन्सरचे बूच नळीच्या वरच्या अर्ध्या भागात वेल्ड करावे, म्हणजे साचणारे पाणी सेन्सरच्या टोकावर बसणार नाही. कारच्या बहुतेक सेन्सरना एम18 बाय 1.5 चा आटा असतो. आट्यांना अँटी-सीझ लावताना सेन्सरच्या टोकाला त्याचा स्पर्शही होऊ देऊ नये. वायर गरम नळीपासून दूर बांधावी आणि डब्यावरची उष्णतारोधक पत्र्याची ढाल परत लावावी. ती नसेल तर खाली वाळलेल्या गवतावर गाडी उभी करणे धोक्याचे ठरते. पहिल्या वापरात थोडा धूर आणि वास येणे स्वाभाविक आहे. काही दिवस शहरात आणि महामार्गावर अशी मिश्र गाडी चालवून, ईसीयूला मिश्रण पुन्हा शिकू देऊन मगच चाचणीला जावे.

डिझेल गाडीचे गणित वेगळे आहे. तिथे एक्सलरेटर झटक्यात पूर्ण दाबून धुराची अपारदर्शकता मोजतात. बीएस-4 गाडीला मर्यादा 50 एचएसयू (धुराच्या अपारदर्शकतेचे एकक) आहे आणि त्याहून जुन्या गाड्यांना 65. डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, कापून काढलेली डिझेल गाडी काळा धूर ओकते आणि तिला डीपीएफ परत बसवण्यावाचून दुसरा इलाज नाही. जुन्या डिझेलमध्ये इंजेक्टरची दुरुस्ती, एअर फिल्टर आणि टर्बोच्या नळ्यांची गळती यांकडे पाहावे.

चाचणीचा दिवस

घरापासून केंद्र दोन मिनिटांवर असले तरी सरळ तिथे जाऊ नये. राऊकडून देवास नाक्याच्या दिशेने बायपासवर पंधरा-वीस मिनिटे, एक गिअर खालचा ठेवून आणि फेऱ्या तीन हजारांच्या आसपास राखून, वेगमर्यादेत गाडी चालवावी. शहरातील सिग्नलांवर थांबत थांबत गेल्याने इंजिन तापते, पण कन्व्हर्टर पुरेसा तापतोच असे नाही. केंद्रावर रांग असेल तर इंजिन बंद करून थांबावे आणि आपला नंबर जवळ आला की सुरू करून दोन-तीन मिनिटे अडीच हजार फेऱ्यांवर धरावे, म्हणजे थंड पडलेली जाळी पुन्हा कामाला लागते. एसी, दिवे आणि म्युझिक बंद ठेवावे, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा.

ऑपरेटर नळी किती आत घालतो, ते स्वतः उभे राहून पाहावे. कारमध्ये ती किमान 300 मिलिमीटर आत जायला हवी. बदललेल्या मफलरच्या आत डीबी किलर (आवाज कमी करणारा भाग) किंवा अडथळा असेल आणि नळी आत जात नसेल, तर जोडनळी लावून मोजायला सांगावे, आणि तो जोड हवाबंद आहे ना तेही पाहावे. दोन तोंडांच्या सायलेन्सरमध्ये कोणत्या तोंडातून मोजले, हे लिहून ठेवावे. नळी टोकाशीच अडकवून घाईने काढलेला पासचा आकडा काही कामाचा नसतो. पडद्यावरचे आकडे स्थिरावायला वेळ लागतो, तेवढा वेळ द्यावा.

गाडी नापास झाली तर 2021 च्या नियमांनुसार कारणासह नकारपत्र मिळते. ते मागून घ्यावे. ते दाखवून सर्व्हिस सेंटरमध्ये दुरुस्ती करून घेता येते, आणि यंत्रातच दोष असल्याची शंका असेल तर दुसऱ्या केंद्रावर पुन्हा मोजूनही घेता येते. दोन केंद्रांच्या आकड्यांत मोठी तफावत आली, तर कोणत्या यंत्राचा कार्बन डायऑक्साइड 14 टक्क्यांच्या जवळ आहे ते पाहावे.

पास झालेल्या प्रत्येक चाचणीचा कागद सर्व्हिसच्या बिलांबरोबर एकाच फाइलमध्ये लावावा आणि कागदावर त्या दिवशीचे किलोमीटर हाताने लिहावेत. सीओ सलग दोन वेळा वर सरकला असेल, मग तो मर्यादेत का असेना, तर पुढच्या मुदतीची वाट न पाहता दुसऱ्या पायरीतली थंड इंजिनावरची गळतीची तपासणी त्याच आठवड्यात करावी.